‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ : शाळेच्या नोटिसा पालकांपर्यंत का पोचत नाहीत

प्रश्न ऐरोलीतल्या एका माध्यमिक शाळेतल्या मॅडमचा आहे. जूनपासून पालकांसाठीच्या बातम्या आणि नियमबदल कळवायचं काम त्यांच्याकडे आलंय, दर महिन्याला चार पानी पत्रक निघतं, ग्रुपवर पीडीएफ जाते, डायरीत चिठ्ठी जाते, आणि तरी मीटिंगला पालक म्हणतात आम्हाला कोणी सांगितलंच नाही. कुठे चुकतंय?

मॅडम, पालक वाचत नाहीत हे आधी डोक्यातून काढून टाका. मी ठाण्यात एका अनुदानित शाळेत पर्यवेक्षिका आहे, हे नोटिसांचं काम अकरा वर्षं करतेय आणि पहिली चारेक वर्षं मीही स्टाफरूममध्ये हेच रडगाणं गायचे. वाचतात हो. परीक्षेच्या टाइमटेबलचा फोटो टाकून बघा, दहा मिनिटांत अर्ध्या ग्रुपने बघितलेला असतो आणि तीन जणांनी त्यातली चूकही काढलेली असते. पालक काय वाचत नाहीत, तर जे त्यांच्यासाठी नाहीये असं वाटतं ते. आणि आपण नेमकं कामाचं तसंच दिसेल असं लिहितो.

तुम्ही जोडलेलं जुलैचं पत्रक मी नीट बघितलं. पान एक, मुख्याध्यापकांचं मनोगत. पान दोन, वृक्षारोपण आणि गुरुपौर्णिमा, सात फोटो. पान तीन, चित्रकला स्पर्धा, त्याखाली नवीन वॉटर कूलर, त्याखाली बारीक टायपात एक ओळ: ‘इयत्ता आठवीच्या वार्षिक परीक्षेबाबत शासन निर्णयानुसार कार्यवाही करण्यात येईल.’ आता मला सांगा, आख्ख्या चार पानांत ज्याच्यामुळे एखाद्या मुलाचं वर्ष जाऊ शकतं अशी गोष्ट कुठली होती? तीच एक ओळ. आणि ती वॉटर कूलरच्या खाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बरीच वर्षं आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवता येत नव्हतं, सगळे वर जायचे, आणि पालकांच्या डोक्यात अजून तेच आहे. २०१९ मध्ये केंद्राने शिक्षण हक्काचा कायदा बदलला, डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने नियम आणला की पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि त्यातही नाही झालं तर मूल त्याच वर्गात. मात्र म्हणून शाळेतून काढून टाकता येत नाही. हे एवढं तुम्ही साध्या मराठीत लिहिलंत ना, तर पुढच्या मे महिन्यात तिकीट काढून गावी गेलेला पालक फेरपरीक्षेला पोरगं घेऊन परत येईल. ‘शासन निर्णयानुसार कार्यवाही’ हे वाचून कोण तिकीट रद्द करणारे?

म्हणून माझं पहिलं म्हणणं, बातमी आणि नियम एका कागदावर घालूच नका. बातमी मजेसाठी वाचतात, चहा पिताना, आणि नाही वाचली तरी काही बिघडत नाही. नियम वाचला नाही तर बिघडतं. दोन्ही एकत्र घातलं की नियमसुद्धा ‘नंतर बघू’ च्या ढिगात जातो. आम्ही आता महिन्याचं पत्रक वेगळं काढतो आणि नियमबदल असेल तर एकपानी नोटीस, तिला नंबर आणि तारीख, आणि त्यात एकही फोटो नाही. फोटो नाही म्हणजे कामाचं आहे हे आता आमच्या पालकांना बघूनच कळतं, हे आम्ही ठरवून केलं नव्हतं, आपोआप झालं.

नोटीस लिहायची कशी, तर आमच्या ऑफिसमध्ये वर्षानुवर्षं अशी सुरू व्हायची: ‘सर्व पालकांस कळविण्यात येते की, उपरोक्त विषयास अनुसरून वरिष्ठ कार्यालयाच्या संदर्भीय पत्रान्वये...’ आणि पालक इथेच बाहेर. ही भाषा शिक्षणाधिकारी कार्यालयाला उत्तर लिहायला ठीक आहे, ती तिथेच ठेवा. त्याहून वाईट म्हणजे वरून आलेलं पत्र तसंच मोबाईलवर स्कॅन करून ग्रुपवर टाकणं, तेही आडवं, त्यावर दोन-तीन शिक्के, आणि खाली ‘सर्वांनी नोंद घ्यावी’. कसली नोंद? ते पत्र मुख्याध्यापकांना लिहिलेलं असतं, पालकांना नाही. त्यातलं पालकांचं काय ते काढून देणं हेच तर आपलं काम आहे.

आता मी अशी लिहिते: ‘नववीच्या पालकांसाठी. शनिवार १२ जुलैपर्यंत मुलाच्या आधार कार्डाची झेरॉक्स वर्गशिक्षिकेकडे द्या. शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आपण बघणार आहोत. जुळत नसेल तर बाईंना फोन करा, घाबरू नका, वेळ आहे.’ कोणासाठी, काय करायचं, कधीपर्यंत, का, आणि अडलं तर कोणाला विचारायचं. शासन निर्णयाचा नंबर हवाच असेल तर एकदम खाली. मुख्याध्यापकांना सुरुवातीला हे फार उघडं वाटलं, शाळेची नोटीस आहे की किराणा दुकानाची पाटी असं म्हणाले, पण त्या आठवड्यात ऑफिसच्या खिडकीवरची रांग कमी झाली तेव्हा गप्प बसले.

‘घाबरू नका’ हे मी उगाच लिहीत नाही. अपार आयडीच्या वेळी काय झालं आठवा. प्रत्येक मुलाचा १२ आकडी नंबर, त्यात त्याचे शैक्षणिक रेकॉर्ड जोडले जाणार, आणि त्यासाठी पालकांची संमती. आता संमतीपत्र असं नावातच आहे, म्हणजे पालकाला नाही म्हणायचाही हक्क आहे. पण वरून रोज विचारणा, किती झाले किती राहिले, त्यामुळे शाळांनी नोटिसा काढल्या ‘तातडीने’, ‘अन्यथा’, ‘जबाबदारी पालकांची राहील’. आमच्याकडे एक आजी सकाळी सातला गेटवर उभ्या, हातात सगळी कागदपत्रं, अगदी लाइटबिलसुद्धा, नातवाचं नाव शाळेतून काढणार का म्हणून. ‘अन्यथा’ हा शब्द मी तेव्हापासून वापरायचा बंद केला. जिथे खरंच काही नुकसान आहे तिथे नुकसान काय ते सरळ लिहायचं, उदाहरणार्थ दहावीला हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर बोर्डाच्या परीक्षेला बसायची अडचण येते. जिथे नुकसान नाही तिथे उगाच काठी आपटायची नाही.

आता पावसाचं, कारण तुमच्या ऐरोलीला आणि आमच्या ठाण्याला याच्याइतका गोंधळ दुसऱ्या कशाचा होत नाही. सकाळचं सत्र सातचं, म्हणजे घोडबंदर रोडवरून येणारी व्हॅन सहालाच निघालेली असते, आणि पाऊस धो धो. सव्वासहाला फोन सुरू. इथे दोन गोष्टी पालकांना जूनमध्येच, ऊन असताना सांगून ठेवायच्या. एक, रेड अलर्ट म्हणजे सुट्टी नव्हे. लाल रंग हवामान खात्याचा, त्याचा अर्थ २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो असा अंदाज. दोन, सुट्टी जाहीर करायचं काम प्रशासनाचं, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा महापालिका, आणि ठाणे महापालिकेने दिली म्हणून नवी मुंबईत आपोआप लागू होत नाही. हा घोळ तुमच्याकडे जास्त होणार, कारण बरीच मुलं कळव्याकडून येतात, घर एका हद्दीत आणि शाळा दुसऱ्या. तेव्हा स्पष्ट लिहा की शाळा ज्या हद्दीत तिथला आदेश धरायचा, पण तुमच्या भागात पाणी असेल तर मुलाला पाठवू नका, गैरहजेरी लावणार नाही. ही शेवटची ओळ मुख्याध्यापकांकडून आधी मंजूर करून घ्या, ऐन पावसात ती मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मी फटका खाऊन शिकलेय. नोटिशीत ‘आज’ आणि ‘उद्या’ लिहायचं नाही. कधीच नाही. एका वर्षी मी स्वतः टाइप केलेला मेसेज, ‘अतिवृष्टीमुळे उद्या शाळेला सुट्टी राहील’, तो पालकांनी पुढे पाठवला, तो फिरत फिरत सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून मामा-काकांच्या ग्रुपवर, आणि पुढच्या आठवड्यात जरा ढग आले तर परत आमच्याच ग्रुपवर. शाळेचं नाव बरोबर, भाषा बरोबर, फक्त ‘उद्या’ कुठली ते कोणालाच माहीत नाही. निम्मा वर्ग रिकामा. तेव्हापासून वार, तारीख, महिना, वर्ष, सत्र, सगळं. १८-१९ ऑगस्ट २०२५ ला मुंबई-ठाण्यात जो पाऊस झाला त्या दोन दिवसांत एकाच दिवसात वेगवेगळे निर्णय येत होते, दुपारच्या सत्राला सुट्टी, मग दुसऱ्या दिवशीची सुट्टी, तशा वेळी तारीख-सत्र नसलेला मेसेज निव्वळ अफवा असतो, भले तो खरा का असेना.

याच जातीचा दुसरा शब्द म्हणजे ‘सुधारित’. सुधारित वेळापत्रक, मग सुधारित वेळापत्रक नवीन, मग अंतिम सुधारित. पालकाच्या फोनमध्ये चारही आहेत आणि चारही सारखेच दिसतात. बदल झाला तर काय बदललं तेवढंच लिहा: ‘आधी विज्ञान २ चा पेपर बुधवारी होता, तो आता शुक्रवारी. बाकी काही बदललं नाही.’ ‘बाकी काही बदललं नाही’ हे चार शब्द पालकाला किती सुखाचे असतात ते तुम्हाला मूल दहावीला गेल्यावर कळेल.

आता जे खरं सांगायला मी हे एवढं लिहायला बसले ते. दहावीची प्री-लिस्ट. फॉर्म भरून झाले की बोर्डाकडून नावांची यादी तपासायला येते, ती विद्यार्थ्याला आणि पालकाला दाखवून सह्या घ्यायच्या असतात, आणि त्यात जे असेल तेच पुढे हॉलतिकिटावर, मार्कशीटवर, सर्टिफिकेटवर. काही वर्षांपूर्वी माझी नोटीस होती, ‘सोबतची प्री-लिस्ट तपासून सहीनिशी उद्या परत पाठवावी.’ दोनशेच्या वर मुलं, सगळ्यांच्या सह्या आल्या, मी खूश. जूनमध्ये एक आई आली. मार्कशीटवर आईचं नाव सविता. तिचं नाव सरिता. र आणि व, टाइप करताना कोणाचा तरी हात चुकला. तिने सही केली होती, मीच तिच्यासमोर तो कागद काढला, आणि ती म्हणाली, बाई, मी मुलाचं नाव बघितलं, त्याच्या बाबांचं बघितलं, आडनाव बघितलं, माझं नाव पण असतं त्यात हे मला कुठे माहीत होतं?

मी काय बोलणार. मग शाळेमार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव, जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेतल्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीचा उतारा, मुख्याध्यापकांचं पत्र, आणि वाशीला विभागीय मंडळाच्या फेऱ्या. झालं शेवटी काम, पण ती बाई घरकामं करते, प्रत्येक फेरीला एका दिवसाचे पैसे गेले. आणि चूक तिची नव्हती, माझ्या नोटिशीची होती. ‘तपासून’ म्हणजे काय तपासून?

आता आमची प्री-लिस्टची नोटीस म्हणजे जवळजवळ एक शिकवणीच असते. आईचं नाव बोट ठेवून वाचा. ऱ्हस्व-दीर्घ बघा, सुनिता की सुनीता. इंग्रजीतलं स्पेलिंग आधारवर आहे तसंच आहे का. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झालेत का. विषय आणि माध्यम बरोबर आहे का. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही जन्माचा दाखला हातात धरून ऐका. आणि ही नोटीस दहावीत नाही, पहिल्यांदा आठवीतच जाते, कारण खरी दुरुस्ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये व्हायला हवी आणि ती मूल शाळेत असताना करणं सोपं, दाखला हातात पडल्यावर महाकठीण. परत नववीत जाते. तिसऱ्यांदा दहावीत. कंटाळा येतो पालकांना, येऊ दे.

फीबद्दल एवढंच सांगते, आमची अनुदानित शाळा असल्यामुळे माझा अनुभव कमी, पण तुमची विनाअनुदानित आहे म्हणून. २०११ च्या शुल्क कायद्यात शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ, त्याची कार्यकारी समिती सोडत काढून, प्रत्येक इयत्तेचा पालक प्रतिनिधी, आणि ठरलेली फी दोन वर्षं कायम, असं आहे. तेव्हा फीची नोटीस काढताना नुसता आकडा आणि शेवटची तारीख टाकू नका. कुठल्या तारखेच्या बैठकीत ठरलं, किती वर्षांसाठी ठरलं, कशाकशाचे पैसे आहेत आणि कशाचे नाहीत, हे लिहा. तुम्ही नाही लिहिलं तर गेटवर आइस्क्रीमच्या गाडीपाशी लिहिलं जातंच. सोडतीची नोटीससुद्धा सगळ्यांना वेळेत गेली पाहिजे, नाहीतर दरवर्षी तेच चार ओळखीचे पालक समितीत आणि मग त्या समितीला कोणी मानत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर आपल्या जिल्ह्यातले पालक जे विचारायला लागले ते आधीच विचारायला हवं होतं आणि आपणही आधीच सांगायला हवं होतं. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेली सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी. बऱ्याच शाळांची नोटीस असते, ‘शाळेत सखी सावित्री समिती कार्यरत आहे.’ बरं, मग? समितीत कोण आहे, त्यातल्या कोणाला भेटायचं, किती वाजता, तक्रारपेटी कुठे लावलीय आणि ती कोण, कधी, कोणासमोर उघडतं, हे लिहिलं तर पालकाला धीर येतो. आमची पेटी आधी मुख्याध्यापकांच्या केबिनच्या बाहेर होती. कोण टाकणार तिथे चिठ्ठी? आता मुलींच्या जिन्यापाशी आहे. आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर प्रत्येक सुरक्षेच्या नोटिशीत, मुलांच्या डायरीच्या पहिल्या पानावर पण.

बातम्यांकडे आता येते, त्या मी टाकाऊ म्हणत नाहीये. फक्त टॉपर्स, टॉपर्स आणि टॉपर्स असं पत्रक असलं की ज्याला पंचावन्न टक्के पडतात त्याची आई ते उघडतच नाही, तिला माहीत असतं यात आपलं काही नाही. आमच्याकडे आजवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी कुठली, तर आमचे शिपाईमामा निवृत्त झाले ती. माजी विद्यार्थ्यांचे फोन आले, बँकेत असलेले, गल्फमध्ये असलेले, घंटा कोण देणार आता म्हणून. पाण्याची टाकी धुतली ही बातमी पण आवडीने वाचतात, हसू नका, तारखेसकट टाका. मुलांचे फोटो टाकताना मात्र सांभाळून. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घ्या, आणि फोटोखाली नाव, वर्ग, तुकडी असं सगळं एकत्र छापू नका. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतोच, पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रत्येक घरची परिस्थिती आपल्याला माहीत नसते, एखाद्या आईला मूल कुठल्या शाळेत आहे हे कोणाला तरी कळू द्यायचं नसतं. आमच्याकडे अशी एक होती.

राहिलं पाठवायची वेळ. तुमच्याकडे कोपरखैरणे-घणसोलीची माथाडी कुटुंबं असतील, वडील मार्केटला भल्या पहाटे जातात, दुपारी येऊन झोपतात. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने जाणारी आई सकाळी फक्त वरची ओळ बघते. मी संध्याकाळी साडेसात ते साडेआठमध्ये पाठवते, घरात दोघंही असतात आणि मूल समोर असतं, लगेच विचारता येतं. ग्रुप फक्त ॲडमिनच लिहू शकेल असा करून टाका, नाहीतर नोटीस टाकली की खाली चाळीस अंगठे आणि हात जोडलेले, आणि तुमची नोटीस वर कुठेतरी गडप. शंकांसाठी वेगळा नंबर आणि वेगळी वेळ. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा तो मोठ्या भावाकडे असतो त्यांची यादी वर्गशिक्षकांकडून घ्या, प्रत्येक वर्गात चार-पाच निघतात, त्यांना कागदच द्या.

पाठवण्याआधी मी एक करते. आमच्या ऑफिसमध्ये ज्या मावशी आहेत, त्यांची नात आमच्याच शाळेत सातवीत, त्यांना नोटीस मोठ्याने वाचायला देते. त्या जिथे अडखळतात तिथे मी पेन टेकवते. परवा सहलीच्या नोटिशीत ‘अनिवार्य’ ला अडखळल्या, मी खोडून ‘पाहिजेच’ केलं. मग त्या म्हणाल्या, बाई, सगळं कळलं, पण डबा न्यायचा का नाही ते कुठंय? नव्हतंच लिहिलं मी.